सायकलला कशाला हेल्मेट?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सिग्नलला शेजारी थांबलेले स्कूटरवाले हेच विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकू विचारतात, ऑफिसात नवीन रुजू झालेलं कुणी माझ्या टेबलाखालचं हेल्मेट बघून विचारतं. "सायकलला कशाला हेल्मेट? ती काय पळते का?" मी उत्तर द्यायच्या आत दुसरा प्रश्न येतो, "आणि ट्रकनं उडवलं तर हे थर्माकोलचं टोपरं काय वाचवणार?"

दोन्ही प्रश्न मला रास्त वाटतात. आमच्या पुण्यात तर स्कूटरवरचं हेल्मेटसुद्धा वादाचा विषय आहे. जानेवारी 2019 मध्ये पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली तेव्हा लोक विरोध करायला रस्त्यावर उतरले होते. कायदा त्याआधीपासून होताच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 129. पण तो मोटारसायकल आणि स्कूटरसाठी. पायानं चालवायच्या सायकलला त्या कायद्यात हेल्मेटची सक्ती नाही. म्हणजे मी ते घालते ते माझ्या मर्जीनं, आणि मर्जीनं केलेल्या गोष्टीचं कारण विचारलं तर ते नीट सांगता आलं पाहिजे.

सायकल पळत नाही, हे खरं. कोथरूडहून शिवाजीनगरला जाताना माझा वेग पंधराच्या आसपास असतो, नळ स्टॉपच्या गर्दीच्या चौकात तर चालणाऱ्यापेक्षाही कमी. पण डोकं किती जोरात आपटतं हे सायकल किती पळते यावरच ठरत नाही, ते किती उंचीवरून खाली येतं यावरही ठरतं. सीटवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटर किंवा त्याहून थोडं जास्त वर असतं. दीड मीटरवरून कुठलीही वस्तू सोडली तर ती जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या घरात असतो. शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, कुणीही करून बघावं. सायकल जागच्या जागी उभी असताना तोल जाऊन आडवे झालात आणि हात टेकायला सवड मिळाली नाही, तरी डोकं साधारण त्याच वेगानं डांबरावर येणार. पावसाळ्यातला निसरडा लोखंडी जाळीचा तुकडा, पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यामधली बोटभर फट, अचानक आडवं आलेलं कुत्रं. एवढं पुरतं. यात दुसरं वाहन कुठे आलंच नाही.

आणि हेल्मेट नेमकं याचसाठी बनवलेलं असतं. युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ईएन 1078 नावाचं मानक आहे. आपल्याकडच्या चांगल्या दुकानातल्या बऱ्याच हेल्मेटांच्या आतल्या चिठ्ठीवर हा आकडा दिसेल. त्या चाचणीत हेल्मेटमध्ये धातूचं नकली डोकं बसवून ते सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर सोडतात. दुसरी ऐरण फुटपाथच्या कडेसारखी टोकदार असते, तिच्यावर जरा कमी उंचीवरून सोडतात. आत बसणारा धक्का ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तरच ते पास. म्हणजे माणूस सायकलवरून पडला आणि डोकं रस्त्यावर किंवा कडेच्या दगडावर आपटलं, एवढ्या प्रसंगाची ती परीक्षा आहे. थर्माकोल म्हणून लोक हसतात, पण काम तोच करतो. तो स्वतः चेपतो, आणि चेपायला लागणारा सेकंदाचा बारीकसा अंश डोक्याला थांबायला मिळतो.

ट्रकची परीक्षा त्यात नाही. वेग तिप्पट झाला की आघाताची ऊर्जा नऊपट होते. ताशी साठनं आलेल्या गाडीपुढे वीसच्या हिशेबानं बनवलेलं हेल्मेट पुरेल असं कुठलीही प्रामाणिक कंपनी लिहून देणार नाही, आणि अंगावरून चाक गेलं तर डोक्यावर काय होतं याला अर्थच उरत नाही. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ट्रकपासून हेल्मेट वाचवत नाही. ट्रकपासून ट्रकचा ड्रायव्हर वाचवतो, रस्ता वाचवतो.

मधल्या प्रसंगांत मात्र त्याचा उपयोग पक्का आहे. स्कूटरचा हँडल लागला, रिक्षानं घासलं, कारच्या दारावर आपटून फेकले गेलो, असे प्रसंग. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जगभरातले चाळीस अभ्यास एकत्र केले, चौसष्ट हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती त्यात होती. हेल्मेट असलेल्यांना डोक्याला इजा होण्याची शक्यता साधारण निम्मी आढळली, गंभीर इजेची त्याहूनही बरीच कमी. मला यापुढे आणखी पुराव्याची गरज वाटत नाही. मी घालते, माझी मुलगी घालते, आणि कुणी विचारलं तर घाला असंच सांगते.

पण हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती ते उघड बोलत नाहीत. हेल्मेट घातलेली बाई दिसली की त्यांना वाटतं, ही ती सायकलवाली जमात. पहाटे घोळक्यानं सिंहगडाकडे जाणारी, घट्ट कपडे घालणारी, रस्ता अडवणारी, आम्हाला प्रदूषणावर भाषण देणारी. माझ्या अंगात साधा कुर्ता असतो, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गाठ मारलेली असते, कॅरिअरला डबा असतो. तरी डोक्यावरच्या त्या एका वस्तूनं माझी जात ठरते.

आणि हे फक्त मनातल्या मनात राहत नाही. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी 2006 साली एक साधा प्रयोग केला. सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि रोजच्या रहदारीत ती चालवली. कधी हेल्मेट घालून, कधी न घालता. मागून येऊन पुढे गेलेल्या गाड्यांचं अंतर नोंदवलं, अशा गाड्या अडीच हजारांच्या आसपास झाल्या. हेल्मेट नसतानाच्या मानानं हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर अधिक जवळून गेल्या. मग त्यांनी लांब केसांचा टोप घातला, म्हणजे मागून बाई वाटावी म्हणून. तेव्हा गाड्यांनी सुमारे चौदा सेंटीमीटर जास्त जागा सोडली. वॉकर यांचा अर्थ असा, की चालक मागून बघून क्षणात ठरवतात, हा सराईत दिसतो, याला सांभाळता येईल, आणि जवळून काढतात. बाई दिसली की, ही डगमगेल, जरा लांबून जाऊ. दोन्ही समजुती सारख्याच कच्च्या. नवशिका माणूसही हेल्मेट घालतो, किंबहुना तोच आधी घालतो, आणि बाई डगमगेलच असं कुठे आहे?

या प्रयोगावर पुढे वाद झाला. 2013 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हटलं, धोका वाटावा इतक्या जवळून जाणाऱ्या गाड्यांपुरतं बघितलं तर हेल्मेटनं फरक पडलेला दिसत नाही. मलाही साडेआठ सेंटीमीटर ऐकून हेल्मेट काढून ठेवावंसं वाटलं नाही. मला त्या प्रयोगातला टोप जास्त महत्त्वाचा वाटतो. माणूस तोच, सायकल तीच, रस्ता तोच. बदललं ते फक्त मागून काय दिसतं ते, आणि हजारो अनोळखी चालकांचा स्टिअरिंगवरचा हात त्याप्रमाणे थोडा इकडे, थोडा तिकडे झाला. सायकल चालवणारं शरीर आणि शेजारून जाणारी गाडी यांच्यात जेवढी जागा असते, तेवढी जागा कुणाच्या तरी डोक्यातल्या समजुतीनं ठरते, हे त्यात मोजून दाखवलं गेलं.

ऑस्ट्रेलियातलाच 2019 सालचा दुसरा अभ्यास तर वाचायला धीर होत नाही. लोकांना एक चित्रमालिका दाखवली होती. एका टोकाला माकड किंवा झुरळासारखा कीटक, दुसऱ्या टोकाला उभा माणूस, आणि विचारलं, सायकलस्वार यात कुठे बसतात? स्वतः सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी त्यांना पूर्ण माणसाच्या अलीकडे कुठेतरी बसवलं. आणि खुद्द सायकल चालवणाऱ्यांपैकीही जवळजवळ तीस टक्क्यांनी. जे लोक सायकलस्वारांना माणसापेक्षा कमी समजत होते, त्यांनीच सायकलस्वारांना मुद्दाम त्रास दिल्याचं जास्त प्रमाणात कबूल केलं. त्याच विषयावरच्या नंतरच्या एका अभ्यासात हेल्मेट घातलेले आणि झगझगीत सुरक्षा जाकीट घातलेले सायकलस्वार लोकांना त्यातही कमी 'माणूस' वाटले. केस दिसत नाहीत, कपाळ झाकलं जातं. ज्या वस्तू आम्ही जीव वाचवायला अंगावर चढवतो, त्यांनीच आम्ही समोरच्याला परके होतो. हे वाचल्यापासून मी सिग्नलला थांबले की मागे वळून बघते. शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बघून मान हलवते. काच खाली असली तर दोन शब्द बोलते. चेहरा बघितलेल्या माणसाला सहसा कुणी घासून जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, कारण ते मी बोलले नाही तर माझ्या घरच्यांना तोंड दाखवता येणार नाही. माझे बाबा एसटीत चालक होते, भोर आगारात. सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये बसचालक हा कायम खलनायक असतो. माजलेला, मुद्दाम दाबणारा, हॉर्न मारून घाबरवणारा. मी त्या माणसाच्या घरात वाढले. त्याच्या पाठीला सीटनं पडलेले वळ पाहिलेत, मुक्कामाच्या गाडीवरून सकाळी आल्यावर चहा न पिता झोपलेला पाहिलाय.

लहानपणी एकदा त्यांनी मला आगारात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर बसवलं. उशी खाली घेऊन, म्हणजे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावेत. मग माझ्या भावाला म्हणाले, गाडीभोवती फेरी मार, हळू. आणि मला म्हणाले, "दिसतोय तोवर बोलत राहा, दिसेनासा झाला की गप्प बस." तो समोर आला, काचेच्या खाली गेला, मी गप्प. फार जवळून चालला की पुढून तो नाहीसाच होत होता. डावीकडे वळला तेव्हा क्षणभर त्याची टोपी दिसली, मग परत नाही. चालक उजवीकडे बसतो, डाव्या अंगाला इंजिनाचा डबा आणि अख्ख्या गाडीची रुंदी. डाव्या पुढच्या चाकाशी उभा राहिलेला मुलगा सीटवरून काही केल्या दिसेना. आरशात तो आला तो पार मागच्या चाकापर्यंत गेल्यावर, बोटाएवढा. गाडीच्या मागे गेला तेव्हा तर मी बराच वेळ गप्प बसून राहिले. मग बाबांनी विचारलं, "आता मला डावीकडे वळायचंय. तो कुठंय, सांग." मला सांगता आलं नाही.

मग खाली उतरवून त्यांनी चाकं दाखवली. लांब गाडी वळते तेव्हा पुढची चाकं बाहेरून जातात आणि मागची आतून कापत येतात. बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये पुढे ती मोकळी फट दिसते ना, सायकलवाला ज्यातून पटकन पुढे निघू बघतो, ती वळताना मिटते. चालकाला कळतही नाही. आरशात तो नसतो, आवाज इंजिनात जातो.

मी आज सायकल चालवते ती या एका दुपारच्या शिकवणीवर. थांब्यावर उभ्या असलेल्या बसला मी डावीकडून कधी ओलांडत नाही. सिग्नलला बसच्या कुशीत थांबत नाही, एक तर मागे राहते, नाही तर इतकी पुढे जाते की चालकाला मी अख्खी दिसेन. आरशात त्याचे डोळे मला दिसले तरच मी त्याला दिसते, हे मी मुलीलाही तसंच शिकवलंय. हेल्मेटनं जेवढं मला वाचवलं असेल त्याहून जास्त या सवयींनी वाचवलंय, यात मला शंका नाही.

बाबांच्याही मनात सायकलवाल्यांबद्दल समजुती होत्याच. "सायकलवाला हेलकावणारच," असं ते म्हणायचे. पण त्यांच्या म्हणण्यात राग नव्हता. ते स्वतः तरुणपणी पुण्यात सायकलवर फिरलेले. त्या काळी सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री बत्ती नसली किंवा डबलसीट दिसलात तर पोलीस धरायचे. त्यामुळे समोर खड्डा आला की सायकलवाला उजवीकडे येणार, वारा सुटला की तो तिरका होणार, चढ लागला की उभा राहून पायडल मारताना झुलणार, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. म्हणून ते खड्डा दिसला की सायकलच्या मागेच थांबायचे. सायकलवाला बेभरवशाचा आहे या समजुतीतून एक चालक हॉर्न मारतो आणि दुसरा जागा सोडतो. फरक पडतो तो त्यानं कधी स्वतः त्या सीटवर बसून बघितलंय की नाही यानं.

पुण्यातल्या तरुण चालकांपैकी किती जण आठवीनंतर सायकलवर बसलेत? एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव आहे. आज सायकल दोन टोकांना उरलीय. पहाटे व्यायामाला निघणारे, ज्यांच्या सायकलची किंमत सांगितली तर ऐकणारा थांबतो, आणि रात्रपाळीचे वॉचमन, रंगारी, पेपर टाकणारी मुलं, बांधकामावरचे मजूर. मधला सगळा वर्ग दुचाकीवर गेला. ज्या शाळकरी मुलींच्या सायकलींनी सकाळी रस्ते भरायचे, त्या आता आईच्या स्कूटरवर मागे बसतात. आणि रस्त्यावरच्या समजुती या दोन टोकांप्रमाणे ठरल्या. पहाटेच्याला शिव्या बसतात, 'हौशी' म्हणून. रात्रीचा तर कुणाला दिसतच नाही. त्याच्यावर हॉर्नही वाजत नाही, सरळ अंगाला घासून गाडी जाते असं तो स्वतः सांगतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन रोज हायवेच्या सेवा रस्त्यानं येतो. मी त्याला हेल्मेटपेक्षा आधी मागचा लाल दिवा आणून दिला. बटणाएवढा, लुकलुकणारा. अंधारात मागून येणाऱ्या गाडीला माणूस आधी दिसायला हवा, आपटण्याचा प्रश्न नंतरचा.

आमच्या सायकलच्या ग्रुपमधल्या लोकांनाही मी हे सुनावते. पुढे गाडी रेंगाळली की "बाई चालवत असणार", हे वाक्य मी अशा लोकांच्या तोंडून ऐकलंय जे स्वतः सायकलवाल्यांवरच्या अन्यायाबद्दल तळमळीनं बोलतात. एमएच 14 दिसली की पिंपरी-चिंचवडचे सगळे असेच, रिक्षा दिसली की हे सगळे तसेच. आणि आपल्यातला कुणी लाल सिग्नल तोडून गेला तर मात्र तो एकटा, त्याचं कारण वेगळं, तो बसच्या आधी सुटायला बघत होता. कारण खरंही असेल. पण गाडीतून बघणाऱ्याला तो एकटा दिसत नाही, त्याला आम्ही सगळे दिसतो. मी सिग्नलला थांबते. रस्ता रिकामा असला तरी थांबते.

सक्ती करावी का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. सायकलस्वारांवर हेल्मेटची सक्ती करणारं जगातलं पहिलं राज्य ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, 1990 मध्ये. कायद्यानंतर मेलबर्नमध्ये मोजणी केली तेव्हा रस्त्यावरची किशोरवयीन सायकलस्वार मुलं बरीच कमी झालेली आढळली. अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथल्या आरोग्य मंडळानं आपली जुनी सक्ती 2022 मध्ये रद्द केली. कारण तपासात दिसलं, की दंडाच्या पावत्या बेघरांना आणि कृष्णवर्णीयांना प्रमाणाबाहेर जास्त फाटत होत्या. आपल्याकडे पावती कुणाच्या नावावर फाटेल हे सांगायला ज्योतिषी नको. पहाटेचे सगळे हेल्मेट घालतातच. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची शंभर-दोनशे किलोमीटरची राइड, तिला तर हेल्मेट आणि चमकतं जाकीट असल्याशिवाय उभंच करत नाहीत. अडकेल तो वॉचमन, ज्याची सायकल सेकंडहँड दीड-दोन हजाराची आणि हेल्मेट हजाराचं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सायकलस्वाराच्या अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न येतो, हेल्मेट होतं का? गाडी किती वेगात होती, दिवे होते का, त्या चौकात सायकलनं जायचं कुठून, हे कुणी विचारायच्या आधी. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. त्यात दुचाकीवरचे जवळपास 75 हजार, आणि पायी चालणारे 32 हजारांहून जास्त. पायी चालणाऱ्याला कुणी विचारत नाही, हेल्मेट का नव्हतं म्हणून. तिथे आपल्याला लगेच कळतं की प्रश्न डोक्यावरच्या टोपीचा नाही. मग सायकलच्या बाबतीत ते का कळू नये? नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलला हेल्मेट घालणारे फार थोडे. 1971 साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं होती. आईबाप रस्त्यावर आले, मुलांचे खून थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या काही दशकांत गाड्यांचा वेग उतरवून, सायकलींना वेगळी वाट देऊन त्यांनी रस्ते बदलले. आमच्याकडे पुणे महापालिकेनं 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. सायकल मार्ग काही ठिकाणी आहेत, पण त्यांच्यावर गाड्या लावलेल्या असतात, मध्येच विजेचा डीपी उभा असतो, आणि चौक आला की मार्ग संपतो. सर्वांत जास्त गरज असते तिथेच संपतो.

रस्ते बदलायला वेळ लागेल. तोवर गाडी चालवणाऱ्यांना एक गोष्ट आजपासून करता येईल, तिला पैसाही लागत नाही. रस्त्याकडेला गाडी लावलीत की उजव्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडा. डावा हात दाराच्या कडीपर्यंत न्यायचा तर खांदा वळवावा लागतो, आणि खांदा वळला की नजर आपोआप मागे जाते. मागून सायकल येत असेल तर ती दिसते. नेदरलँड्समध्ये असं दारापासून लांबच्या हातानं उघडायला शिकवतात. कर्वे रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना मला सर्वांत जास्त भीती ट्रकची नाही, झपकन उघडणाऱ्या दाराची वाटते. माझ्या नवऱ्यानं ही सवय लावून घेतली, आता डाव्या हातानंच उघडतो.

राहिलं हेल्मेट कसं घ्यावं, कारण एवढं ऐकल्यावर बरेच जण तेच विचारतात. स्कूटरचं हेल्मेट सायकलला वापरू नका. ते जड असतं, आत घाम धरतो, चार दिवसांत ते कपाटावर जाईल. सायकलचं अडीचशे-साडेतीनशे ग्रॅमचं असतं. रंग बघण्याआधी आतली चिठ्ठी बघा, मानकाचा आकडा आहे का. मग घालून बघा. शेजारच्या मुलीच्या डोक्यावर मी परवा बघितलं, हेल्मेट पार मागे, वेणीच्या गाठीवर टेकलेलं, कपाळ सगळं उघडं, पट्टे गळ्यात माळेसारखे लोंबताहेत. पडली असती तर पहिलं कपाळच आपटलं असतं. तिची वेणी खाली मानेजवळ घेतली, हेल्मेट पुढे सरकवलं. कड भुवईच्या वर दोन बोटांवर यायला हवी. कानाच्या खाली दोन्ही पट्टे व्हीसारखे जुळले पाहिजेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं बोट जेमतेम शिरावं, मूठ नाही. मागचं चक्र फिरवून आवळलं आणि तिला म्हटलं, बक्कल न लावता मान जोरात हलव. हललं नाही. आरशात बघून ती म्हणाली, "पण असं चांगलं नाही दिसत." मी म्हटलं, मागे टेकलेलं होतं तेव्हा तरी कुठे चांगलं दिसत होतं. ती घालून गेली.

आणि एकदा त्याच्यावर पडलात तर ते पुन्हा वापरू नका, वरून धड दिसलं तरी. आतला थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, पुढच्या वेळी चेपायला त्याच्यात काही उरलेलं नसतं. जुनं आहे, चांगलं आहे, वॉचमनला देऊ, असंही करू नका. टाकायच्या आधी कात्रीनं दोन्ही पट्टे कापा, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कुणी ते डोक्यावर चढवणार नाही.